पुसलेली राणी आणि संगणकाचा कुंचला

आजचा विषय एका चित्राचा आहे, खरं तर एका चित्रातल्या रिकाम्या जागेचा. ही जागा संगणकावर भरायची का, भरायची तर कशी, आणि भरताना इतिहासाचं काय होतं, हे आपण पाहू.

नगरची मंडळी समोर आहेत म्हणून आधी एक ओळखीची गोष्ट सांगतो. शहराबाहेर शहा डोंगरावर जी अष्टकोनी, तीन मजली वास्तू दिसते तिला आपण सगळे ‘चांदबीबीचा महाल’ म्हणतो. शाळेच्या सहली तिथेच जातात. पण तो महाल नाही आणि चांदबीबीचा तर नाहीच. ती निजामशाहीतल्या सलाबतखान या वजिराची कबर आहे. म्हणजे लोकांनी प्रेमापोटी दुसऱ्याची कबर चांदबीबीच्या नावावर करून टाकली. आता तिच्या आईचं काय झालं ते पाहा. चांदबीबीची आई खुंझा हुमायून, म्हणजे हुसेन निजामशहाची राणी. तिच्या नावावर डोंगर नाही, महाल नाही. तिची चित्रं मात्र होती, तिच्या हयातीत काढलेली. आणि ती तिच्या हयातीतच पुसली गेली असावीत.

ही चित्रं ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ नावाच्या हस्तलिखितात आहेत. ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. म्हणजे इथून एस.टी.नं तीन-साडेतीन तासांवर. आफताबी नावाच्या कवीनं हुसेन निजामशहाची स्तुती करणारं हे फार्सी काव्य रचलं. जी. टी. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांनी मूळ पाठ, भाषांतर आणि प्रस्तावनेसह ते 1987 साली मंडळातर्फेच प्रसिद्ध केलं. मुळात चित्रं चौदा होती, आज बारा आहेत. त्यांतल्या सहा चित्रांत राणी होती. एक सोडून बाकी ठिकाणी तिची आकृती मिटवलेली आहे. राजा आहे, सिंहासन आहे, दासी आहेत, आणि त्यांच्यामध्ये एक डागासारखी जागा.

मी ज्याला मन हलवणारं चित्र म्हणतो ते हे. रडणारं कुणी नाही, रक्तही नाही. राजा बसलाय आणि त्याच्या शेजारी कुणीतरी बसलं होतं एवढंच कळतं.

थोडी पार्श्वभूमी घेऊ, कारण ती कळल्याशिवाय संगणकाला हात लावण्यात अर्थ नाही. मलिक अहमदनं 1490 साली निजामशाही स्थापन केली आणि 1494 मध्ये हे शहर वसवलं. त्याचा नातू हुसेन 1553 मध्ये गादीवर आला. त्याच्या काळात विजयनगरच्या रामरायानं शेजारी सुलतानांना हाताशी धरून नगरच्या मुलखावर स्वाऱ्या केल्या, मुलूख उद्ध्वस्त केला. नगरचा किल्ला दगडी झाला तो याच काळात. मग सुलतानांची मनं बदलली, सोयरिकी झाल्या. चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि आंदणात सोलापूरचा किल्ला गेला. अलीची बहीण हदिया सुलताना नगरला मूर्तझाची बायको म्हणून आली. जानेवारी 1565 मध्ये तालिकोटची, राक्षसतागडीची लढाई झाली. रामराया हुसेनच्या हाती सापडला आणि त्याचं डोकं उडवलं गेलं. त्यानंतर काही महिन्यांतच हुसेन वारला.

मूर्तझा गादीवर बसला, पण लहान होता. कारभार आईच्या हाती आला. चार वर्षं खुंझा हुमायूननं नगरचं राज्य चालवलं. तिनं आपल्या भावांना, ऐन-उल-मुल्क आणि ताजखान यांना, मोठ्या जहागिरी दिल्या आणि सरदार बिथरले. विजापूरशी चाललेल्या झगड्यातही यश येईना, विजापूरकरांनी धारूरला किल्ला उभा केला. बाईनं राज्य करावं याचं वावडं होतंच, त्यात भावांचं निमित्त मिळालं. एकदा कट फसला. मग 1569 मध्ये मूर्तझानं आईला कैद केलं. फरिश्ता हा त्या काळचा इतिहासकार, नगर दरबारातच वाढलेला. तो सांगतो की अटक करायला हबशीखान पुढे आला तेव्हा तिनं शस्त्र उपसलं होतं. माझ्या मते तिच्याबद्दल एवढी एक ओळ उरली असती तरी पुरेशी होती.

(एक बाजूची गोष्ट. या मूर्तझाला पुढे लोक ‘दिवाना’ म्हणू लागले. तो कोंडून घेऊन राहायचा, आणि 1588 मध्ये त्याच्या स्वतःच्या मुलानं त्याला मारलं.)

तर आता चित्र. मी संगणकावर काम करणाऱ्या मुलांना नेहमी सांगतो की आधी माउस बाजूला ठेवा आणि पाहा. काय दिसतं? क्षितिज खूप वर आहे आणि आकाश सोन्याचं. ही इराणी चाल. बायकांच्या अंगात चोळी, लांब वेण्या आणि वेणीच्या टोकाला गोंडे. हा उत्तरेकडचा वेश. पण अंगाभोवती कमरेखालून गुंडाळलेला लांब शेला दक्षिणी आहे. तो आंध्रातल्या लेपाक्षीच्या मंदिरातल्या भित्तिचित्रांत दिसतो, आणि ती भित्तिचित्रं विजयनगरच्या अमलातली! ज्या राज्याचा पाडाव केल्याचा हा ग्रंथ, त्याच राज्यातली कापड गुंडाळण्याची ढब या ग्रंथातल्या बायकांच्या अंगावर आहे. रंग झणझणीत: लाल, पिवळा. उत्तरेकडच्या चित्रांपेक्षा अधिक तापलेले.

आणखी एक चित्र आहे, त्यात बाईच्या स्पर्शानं झाड फुलतं. ही संस्कृत काव्यातली दोहदाची कल्पना. अशोकाला सुंदर स्त्रीच्या पायाचा स्पर्श हवा, तरच तो फुलतो. ही झाडाची इच्छा म्हणजे दोहद. आपला ‘डोहाळे’ हा शब्द त्यातूनच आलाय. फार्सी काव्य, शिया दरबार, आणि त्यात झाडाचे डोहाळे पुरवणारी बाई. अशा दरबारात राजाच्या शेजारी राणीला बसवून, तेही पुन्हापुन्हा, चितारलं गेलं. सुलतानांच्या राण्या अशा उघडपणे चित्रात येत नसत. चित्रकार कोण ते आपल्याला माहीत नाही, पण त्याला हे करायला मुभा दिली गेली होती आणि कदाचित सांगितलंही गेलं होतं. हुसेन 1565 मध्ये गेल्यानंतर राज्य कुणाच्या हाती होतं, हे लक्षात घ्या.

आता संगणक.

पहिली अडचण रंगाची. बहुतेक जण छापील पुस्तकातलं पान मोबाइलनं टिपतात आणि फोटोशॉपमध्ये उघडतात. पण छापील पान म्हणजे चार शायांचे ठिपके. हिंगुळाचा लाल त्या ठिपक्यांत बसत नाही. हरताळाचा पिवळा थोडाफार बसतो, सोनं तर अजिबात नाही. मूळ पानाचा फोटो हवा, शेजारी रंगपट्टी ठेवलेला, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड पाडलेला. तो नसेल तर तुमचं पुढचं सगळं काम रंगाच्या अंदाजावर उभं राहतं. ते अंदाज म्हणूनच मांडावं.

दुसरी सोन्याची. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मला वाटतं लोक हीच गोष्ट सोडून देतात. सपाट स्कॅनमध्ये सोन्याचं आकाश तपकिरी-पिवळं, मळकट दिसतं. मुलं मग त्या जागी चमकदार पिवळा भरतात, कडेनं पांढरी छटा देतात, आणि चित्र कॅलेंडरवरच्या देवासारखं होतं. पण सोनं हा रंगच नाही, तो आरसा आहे. दरबारात पुस्तक हातात धरून पाहायचे. पान जरासं कललं की आकाशाचा एक भाग पेटल्यासारखा व्हायचा आणि दुसरा विझायचा. म्हणजे हे चित्र अक्षरशः हलत होतं. हा अनुभव संगणकावर परत आणता येतो, पण त्याला चित्र रंगवण्याचं सॉफ्टवेअर पुरत नाही, रेंडरिंग लागतं. एकाच पानाचे, प्रकाश वेगवेगळ्या दिशांनी टाकून, पन्नास-साठ फोटो घेतात. कॅमेरा जागचा हलत नाही, दिवा हलतो. त्यावरून कागदाची प्रत्येक सुरकुती, रंगाचा उंचवटा आणि कुठली जागा किती परावर्तन करते याचा नकाशा तयार होतो. तो नकाशा ब्लेंडरसारख्या त्रिमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये घालायचा. सोन्याच्या जागेला धातूचा गुण द्यायचा, घोटलेल्या सोन्याला कमी खरखरीतपणा, न घोटलेल्याला जास्त. मग एक पिवळसर, हलता दिवा ठेवायचा. ब्लेंडर फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं.

याचा आपल्या विषयाशी संबंध असा की आडवा उजेड टाकला की पुसलेली जागा बोलू लागते. रंगावर रंग चढवला असेल तर तिथे थर उंच दिसेल. मूळ रंगच घासून काढला असेल तर कागदाचे तंतू उठलेले दिसतील. ओल्या बोळ्यानं फिसकटलं असेल तर रंगाची ओघळ कडेला साचलेली दिसेल. तीन वेगळी कृत्यं आहेत ही, आणि त्यांतून तीन वेगळी माणसं समोर येतात. एकानं हुकमाची अंमलबजावणी नीट केली, एकानं घाई केली, एकानं कदाचित हात आखडता घेतला. प्रत्येक पानाला हा प्रश्न स्वतंत्र विचारावा लागतो.

पुढची पायरी अवरक्त किरणांची. काजळाची काळी शाई हे किरण शोषते, आणि बरेच रंग त्यांच्यापुढे पारदर्शक होतात. त्यामुळे वरच्या रंगाखाली काळ्या शाईचं रेखाटन असेल तर ते उमटतं. पण आपल्याकडचे चित्रकार पुष्कळदा पहिलं रेखाटन गेरूनं करत, आणि गेरू अवरक्त फोटोत काजळासारखा दिसत नाही. मग क्ष-किरणांवर आधारलेल्या तपासणीकडे जायचं. चेहऱ्याच्या रंगात शिशाचा सफेदा मिसळला असेल तर शिसं तिथे लपत नाही. एवढं सगळं करूनही हाती लागेल ते काय? डोक्याची गोलाई, वेणीची रेघ, एखादा हात. हे माझ्या दृष्टीनं पुष्कळ आहे.

परदेशातली दोन उदाहरणं देतो. ऍम्स्टरडॅमला रेम्ब्रांचं ‘नाइट वॉच’ हे प्रचंड चित्र आहे. 1715 मध्ये ते नगरभवनात हलवताना भिंतीवर बसेना, म्हणून चारही बाजूंनी कापलं. कापलेले तुकडे हरवले. 2021 मध्ये राइक्सम्युझियमनं कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यानं ते तुकडे पुन्हा तयार केले, छापून मूळ चित्राच्या भोवती लावले आणि काही महिन्यांनी काढूनही घेतले. हे जमलं कारण गेरिट लुंडन्स नावाच्या चित्रकारानं सतराव्या शतकातच अख्ख्या चित्राची छोटी नक्कल करून ठेवली होती. संगणकानं कल्पना केली नाही, त्यानं लुंडन्सच्या साक्षीला रेम्ब्रांची शैली चढवली. दुसरं उदाहरण ड्रेस्डेनचं. व्हर्मिअरच्या पत्र वाचणाऱ्या मुलीच्या मागची भिंत कोरी होती. क्ष-किरणांत तिथे कामदेवाचं चित्र दिसलं. तो थर व्हर्मिअरच्या मृत्यूनंतर दुसऱ्याच कुणी दिलेला आहे हे सिद्ध झाल्यावर त्यांनी तो खरवडून काढला. आज भिंतीवर कामदेव आहे.

आपल्याकडे यांतलं काय लागू पडतं? लुंडन्स आपल्याकडे नाही, राणीच्या चित्रांची कुणी नक्कल करून ठेवलेली नाही. आणि ड्रेस्डेनसारखं खरवडायचं तर अजिबात नाही. कागदाला ते सोसणार नाही हे एक कारण. दुसरं माझ्या मते जास्त वजनाचं आहे. व्हर्मिअरच्या भिंतीवरचा रंग ही नंतरच्या कुणाची तरी आवड होती. नगरच्या पानावरचा डाग ही राजकीय घटना आहे.

या हस्तलिखिताचा काळ आपण 1565 ते 1569 असा धरतो. कशावरून? काव्यात तालिकोटचा विजय आहे, म्हणजे 1565 च्या आधीचं नाही. आणि चित्रांत राणी आहे, म्हणजे 1569 च्या नंतरचं नाही, कारण कैदेत टाकलेल्या राणीला राजाशेजारी रंगवण्याची हिंमत कोण करेल? दख्खनी लघुचित्रांच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांपैकी हे एक, आणि त्याची तारीख एका राणीच्या असण्यावर आणि पुसलं जाण्यावर टेकलेली आहे. तुम्ही फोटोशॉपमध्ये क्लोन स्टँप घेऊन तो डाग स्वच्छ केलात तर चित्र सुंदर होईल, पण कागदपत्र खोटं होईल. 1569 साल तुम्ही पुसलेलं असेल.

आणखी एक गोष्ट पाहा. पानं फाडली नाहीत, पोथी जाळली नाही. कारण त्याच पानावर हुसेन होता, मूर्तझाचा बाप, तालिकोटचा विजेता. त्याला ठेवायचं आणि तिला काढायचं. म्हणजे कुणीतरी पोथी मांडीवर घेऊन, एकेक पान उलटून, राणी शोधली. आणि एका ठिकाणी ती सुटली! नजरचुकीनं की मुद्दाम, हे त्यालाच माहीत.

आता हल्लीचा मोठा धोका. ‘जनरेटिव्ह फिल’ नावाची सोय आलीय. डागाभोवती चौकट ओढा, ‘राजाशेजारी बसलेली राणी’ असं लिहा, दहा सेकंदांत राणी हजर. फारच देखणी. पण तिला नीट पाहा. नाकात मोठी नथ, डोक्यावरून झिरझिरीत ओढणी, एका बाजूनं काढलेला बदामी डोळा. ही राणी जयपूरच्या दुकानातून आलेली आहे. यात यंत्राची लबाडी नाही. त्यानं लाखो चित्रं पाहिली, त्यांत मुघल आणि राजस्थानी ढीगभर, निजामशाही नावाला. जे मुळातच थोडं उरलंय ते त्याला शिकायला मिळणार कुठून? मग ते सरासरी काढतं. आधी मूर्तझानं राणीला पुसलं आणि आता सरासरी तिच्या जागी दुसरीच बाई आणून बसवते. चांदबीबीचं हे झालेलंच आहे. बहिरी ससाणा हातावर घेऊन घोड्यावर बसलेली तिची जी चित्रं फोनवर फिरतात ती तिच्यानंतर शंभर-दीडशे वर्षांनी काढलेली, लोकांच्या मनातल्या चांदबीबीची आहेत. तीही मौल्यवान आहेत, पण त्यांच्याखाली ‘अठरावं शतक’ असं कुणी लिहीत नाही.

मग करायचं काय? माझं म्हणणं असं की पुनर्निर्मिती जरूर करा, पण थरांत करा. फोटोशॉप असो, फुकटचं गिम्प असो की क्रिता, थर म्हणजे लेयर ही सोय सगळ्यांत आहे. सगळ्यांत खालचा थर आजचं पान, डागासकट, कुलूप लावलेला. त्यावर तपासणीत प्रत्यक्ष दिसलेल्या रेषा, एका रंगात. त्यावर त्याच हस्तलिखितातल्या पुराव्यावरून घेतलेल्या गोष्टी: न पुसलेल्या राणीची बैठक, दासींच्या वेणीचे गोंडे, शेल्याचा वळसा. त्या दुसऱ्या रंगात. आफताबी राणीच्या रूपाचं वर्णन करतो, त्यातून काही घेतलं तर तो आणखी वेगळा थर, कारण कवीचं वर्णन म्हणजे साक्ष नव्हे. आणि निव्वळ आपल्या कल्पनेतलं सर्वांत वर, जेणेकरून ते एका क्लिकनं बंद होईल. प्रत्येक थराला नाव द्यायचं, आणि सोबतच्या फाइलमध्ये लिहायचं की ही रेघ का ओढली. 2009 च्या लंडन चार्टरनं वारशाच्या संगणकीय चित्रणासाठी हेच सांगितलं आहे: निष्कर्षाइतकीच त्यामागची वाट नोंदवा. आपल्याकडचे चांगले संपादक जुन्या पोथीतला तुटलेला शब्द कंसात घालतात, तसंच हे.

रोममधल्या संवर्धकांनी गेल्या शतकात एक युक्ती काढली. भित्तिचित्राचा पडलेला भाग ते सलग रंगानं भरत नाहीत, बारीक उभ्या रेघांनी भरतात. लांबून चित्र पुरं दिसतं, जवळ गेलं की रेघा दिसतात आणि कळतं की हा भाग आजचा. पडद्यावर हे फारच सोपं आहे. चित्र लहान असताना राणी दिसू द्या, झूम केलं की तिच्या रेघा होऊ द्या.

दोन-तीन चिठ्ठ्या आल्या आहेत, सगळ्यांत एकच प्रश्न आहे: चेहऱ्याचं काय? चेहरा काढायचा की नाही?

त्या काळच्या या चित्रांत बायकांचे चेहरे ठरावीक साच्याचे असतात. दासी आणि राणी यांच्यात फरक जागेचा आणि दागिन्यांचा असतो, नाकाडोळ्यांचा नसतो. तेव्हा अखंड राहिलेल्या चित्रातला चेहरा उचलून बाकी ठिकाणी ठेवला तर चित्रकार रागावणार नाही, त्यानंही बहुधा तेच केलं असतं. तो पुराव्याच्या थरात बसतो. पण त्याला खुंझा हुमायूनचं व्यक्तिचित्र म्हणू नका, आणि तो सुटा कापून पोस्टरवर लावू नका. मी स्वतः करायला बसलो तर आधी चेहरा करणार नाही. राजाचं अंग कुठे कललंय, सिंहासनाची गादी किती रुंद आहे, दासी कुणाकडे पाहतायत, हे सगळं पानावर शाबूत आहे. त्या नजरांच्या रेघा आधी ओढीन. त्या जिथे मिळतील तिथून कामाला सुरुवात.